करांविषयीचे सरकारी दावे कसे तपासले गेले : दादाभाई, गोखले आणि बारडोली

१९२७ च्या जुलै महिन्यात मुंबई सरकारने सुरत जिल्ह्यातील बारडोली तालुक्याचा शेतसारा सुमारे २२ टक्क्यांनी वाढवला. तालुक्याची भरभराट झाली आहे, शेतकऱ्याला ही वाढ सहज झेपेल, असे सरकारचे म्हणणे होते. दोन वर्षांनी सरकारनेच नेमलेल्या दोन अधिकाऱ्यांनी त्याच तालुक्याची चौकशी केली आणि वाढ ६ टक्क्यांच्या आसपासच समर्थनीय ठरते असा अहवाल दिला. जमीन तीच, पिके तीच, तलाठ्यांची दप्तरेही तीच. तरीही २२ चे ६ झाले.

बारडोली आपल्याला माहीत असते ती सत्याग्रहामुळे आणि वल्लभभाई पटेल यांना तेथे मिळालेल्या ‘सरदार’ या नावामुळे. जप्त झालेल्या म्हशी, कुलूप लावलेली घरे, गावोगावच्या सभा हे सगळे पाठ्यपुस्तकांत येते. पण त्या लढ्याची मागणी काय होती हे पुष्कळदा वाचकाच्या नजरेतून निसटते. मागणी सारा माफ करण्याची नव्हती. ‘तुम्ही म्हणता तेवढी वाढ योग्य आहे की नाही, ते निष्पक्षपणे तपासा’ एवढीच मागणी होती. सत्ताधाऱ्यांनी करांविषयी केलेला दावा तपासून घेण्यासाठी एक अख्खा तालुका सहा महिने झगडला, असे बारडोलीचे वर्णन करता येईल.

अशी तपासणी कशी करायची याचे शिक्षण मात्र बारडोलीत सुरू झाले नाही. त्यामागे सुमारे पन्नास वर्षांची परंपरा होती. म्हणून आधी थोडे मागे जाऊ.

दरडोई कर आणि उत्पन्नातला वाटा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानचा कारभार पाहणारे इंग्रज मुत्सद्दी एक गोष्ट वारंवार सांगत : हिंदुस्थानी माणूस जगातल्या सर्वांत कमी कर भरणाऱ्यांपैकी आहे. इंग्लंडात माणशी दोन-अडीच पौंड कर पडतो, येथे माणशी काही शिलिंग. सर जॉन स्ट्रॅची यांच्यासारखे अधिकारी आणखी पुढे जाऊन म्हणत की जमीन महसूल हा मुळात करच नव्हे, तो जमिनीच्या मालकाला, म्हणजे सरकारला, मिळणारा खंड आहे. तो वगळला तर उरलेला करभार अगदीच नगण्य दिसे.

या दाव्यातले आकडे खोटे नव्हते. दादाभाई नवरोजींनी ते खोटे आहेत असे म्हटलेही नाही. त्यांनी वेगळाच प्रश्न विचारला : हे चार-पाच शिलिंग कोणत्या उत्पन्नातून जातात?

हा प्रश्न विचारणे सोपे होते, उत्तर शोधणे कठीण. हिंदुस्थानचे दरडोई उत्पन्न तेव्हा कोणी मोजलेले नव्हते. १८७१ मध्ये ग्रँट डफ यांनी ब्रिटिश संसदेत एक ढोबळ तुलना मांडली होती : इंग्लंडात माणशी सुमारे ३० पौंड, हिंदुस्थानात २ पौंड. पण तो अंदाज होता. दादाभाईंनी १८७६ मध्ये ईस्ट इंडिया असोसिएशनच्या मुंबई शाखेपुढे ‘हिंदुस्थानचे दारिद्र्य’ या विषयावर निबंध वाचला, त्यात पहिल्यांदा प्रांतवार मोजणी केली. कोणत्या प्रांतात किती एकर कोणते पीक, एकरी उतारा किती, भाव काय, बियाणे किती वजा करायचे, असा हिशेब मांडत ते १८६७ ते १८७० या काळासाठी माणशी २० रुपयांवर पोहोचले. त्या वेळच्या विनिमयदराने ते २ पौंड होतात. सगळी सामग्री सरकारच्याच प्रशासकीय अहवालांतली होती. त्यांच्याजवळ ना स्वतःचे पाहणीखाते होते, ना नोकरवर्ग.

यातली एक गोष्ट थांबून पाहण्यासारखी आहे. सरकारी अहवालांत प्रांताची सरासरी काढताना जिल्ह्यांचे आकडे नुसते एकाखाली एक मांडून जिल्ह्यांच्या संख्येने भागत. दादाभाईंना ही चूक दिसली. समजण्यासाठी आपण एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका जिल्ह्यात ९ लाख एकर भात आहे आणि भाव मणाला १ रुपया. दुसऱ्यात फक्त १ लाख एकर भात आहे आणि भाव ३ रुपये. उतारा दोन्हीकडे सारखा. सरकारी पद्धतीने सरासरी भाव २ रुपये. पण जो भात खरोखर पिकला त्याचा सरासरी भाव १ रुपया २० पैसेच होतो. म्हणजे प्रांताचे उत्पन्न कागदावर दीडपटीहून जास्त फुगले, आणि त्यात कोणी मुद्दाम लबाडी केली असेही नाही. कारकुनाने भागाकार केला, वरिष्ठाने सही केली, मंत्र्याने भाषणात वापरला. पुढच्या काळातल्या बहुतेक चुकीच्या करदाव्यांचा प्रवास असाच होत आला आहे.

उत्पन्न हाती आल्यावर चित्र उलटले. दादाभाईंच्या हिशेबाने इंग्लंडातला माणूस उत्पन्नाच्या सुमारे ७ टक्के कर देत होता आणि हिंदुस्थानातला सुमारे १४ टक्के. रुपयांत कमी, वाट्यात दुप्पट. आणि उरलेल्या ८६ टक्क्यांत जगता येते का, हेही त्यांनी तपासले. त्यासाठी त्यांनी काढलेला पुरावा फार बोलका आहे : तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार स्वतः किती खर्च करते? पंजाबात वर्षाला २७ रुपयांच्या वर, मुंबई इलाख्यात ४७ रुपयांच्या वर. म्हणजे गुन्हेगाराला जिवंत ठेवायला जे लागते तेवढेही सरासरी प्रजाजनाच्या वाट्याला येत नव्हते.

दादाभाईंचा आकडा म्हणजे अंतिम सत्य, असे मात्र विद्यार्थ्यांनी समजू नये. त्यांच्या मोजणीत सेवांचे उत्पन्न धरलेले नाही. वकील, न्हावी, गाडीवान, शिक्षक यांचे काम त्यात मोजले जात नाही, कारण खरी संपत्ती म्हणजे वस्तूंचे उत्पादन, अशी त्यांची धारणा होती. आजच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या व्याख्येने पाहिले तर २० रुपये हा आकडा कमी भरतो. पण त्यांनी प्रत्येक पायरी उघड मांडली होती, त्यामुळे ती चूक दाखवता येते. त्यांच्या विरोधकांच्या आकड्यांबाबत हे नेहमी शक्य नव्हते.

याचे उत्तम उदाहरण लॉर्ड कर्झन. १९०१ च्या अर्थसंकल्पावरील भाषणात त्यांनी सांगितले की १८८२ मध्ये माणशी २७ रुपये असलेले उत्पन्न आता ३० रुपये झाले आहे, म्हणजे देश पुढे चालला आहे. हे ३० रुपये आले कुठून? शेतीचे माणशी उत्पन्न १८ रुपयांवरून २० झाले असा एक अंदाज होता. बिगरशेती उत्पन्न त्याच प्रमाणात वाढले असेल असे गृहीत धरले. वीस भागिले अठरा, गुणिले सत्तावीस : बरोबर ३०. म्हणजे या आकड्यातला एक भाग अंदाजाने मोजलेला आणि दुसरा भाग नुसता गृहीत धरलेला. शिवाय या वीस वर्षांत धान्य किती महागले ते वजा केलेले नव्हते. ज्या काळात हे भाषण झाले तो मोठ्या दुष्काळानंतरचा काळ होता हेही ध्यानात घ्यावे. त्याच वर्षी विल्यम डिग्बी यांनी आपल्या ग्रंथात माणशी उत्पन्न १७-१८ रुपयांच्या आसपास असल्याचे मांडले. दोन्ही आकड्यांत जवळजवळ दुपटीचे अंतर आहे, आणि दोन्ही बाजू सरकारी कागदांवरच उभ्या होत्या.

‘कशाचे इतके टक्के’ हा प्रश्न जुना झालेला नाही. चौदाव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांतला राज्यांचा वाटा ३२ वरून ४२ टक्के केला आणि पंधराव्याने तो ४१ टक्के ठेवला. सभांतून याचा अर्थ ‘केंद्राने गोळा केलेल्या प्रत्येक शंभरातले बेचाळीस राज्यांना’ असा सांगितला जातो. पण राज्यघटनेच्या अनुच्छेद २७० आणि २७१ प्रमाणे उपकर आणि अधिभार या विभाज्य रकमेच्या बाहेर राहतात. एकूण करांत त्यांचे प्रमाण जितके जास्त, तितका राज्यांचा प्रत्यक्ष वाटा ४२ पेक्षा खाली. केंद्राचा नेता ४२ म्हणतो, राज्याचा नेता त्याहून बराच लहान आकडा सांगतो, आणि दोघांचेही भागाकार बरोबर असू शकतात. त्यांनी भागले आहे ते वेगवेगळ्या रकमेने.

गोखले आणि शिलकीचा अर्थ

२६ मार्च १९०२ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांनी वरिष्ठ कायदे मंडळात अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले. अर्थसदस्य सर एडवर्ड लॉ यांनी सुमारे सात कोटी रुपयांची शिल्लक दाखवली होती. दुष्काळाच्या वर्षांनंतरही तिजोरीत शिल्लक पडते, म्हणजे लोकांची स्थिती चांगली आहे, असा तिचा अर्थ लावला जात होता.

गोखले गणिताचे प्राध्यापक होते आणि आकड्यांच्या जमवाजमवीत त्यांच्यामागे गणेश व्यंकटेश जोशी यांच्यासारखा सरकारी अहवाल वर्षानुवर्षे पिंजून काढणारा शिक्षक होता. भाषण दमदार आहे, पण त्याचा कणा एक हिशेब आहे आणि तो कोणालाही करता येतो.

हिंदुस्थान सरकारला दरवर्षी विलायतेत पौंडांत खर्च करावा लागे : निवृत्तिवेतने, कर्जाचे व्याज, भारतमंत्र्याच्या कचेरीचा खर्च. हा खर्च साधारण १ कोटी ७० लाख पौंड होता. चांदीचा भाव घसरत गेला तसा रुपया स्वस्त झाला आणि १८९४-९५ मध्ये तो सुमारे १३ पेन्सपर्यंत उतरला. त्या दराने १ कोटी ७० लाख पौंडांना ३१ कोटी रुपये लागतात. सरकारने टांकसाळी खुल्या ठेवणे त्याआधीच बंद केले होते, आणि नंतर रुपया १६ पेन्सवर स्थिर झाला. आता तेवढ्याच पौंडांना साडेपंचवीस कोटी पुरे होतात. पाच-साडेपाच कोटींची ही बचत लोकांच्या भरभराटीतून आलेली नव्हती, ती विनिमयदरातून आलेली होती.

मग गोखल्यांनी कालक्रम पुढे ठेवला. रुपया घसरत होता तेव्हा, १८८५-८६ पासून, ती तूट भरून काढायला सरकारने कर वाढवले होते. १८८६ मध्ये प्राप्तिकर आला. १८८८ मध्ये मिठावरील कर मणाला २ रुपयांवरून अडीच रुपये झाला. १८९४ मध्ये आयातकर परत बसले. त्या वेळी कारण सांगितले होते रुपयाच्या घसरणीचे. कारण संपले, कर तसेच राहिले, आणि त्या जादा करांतून उरलेल्या पैशाला शिल्लक म्हणून मिरवले जात होते. रुपया महाग केल्याने शेतमालाला रुपयांत कमी किंमत मिळते, सारा मात्र तेवढ्याच रुपयांत द्यावा लागतो, हा आणखी एक घाव.

सरकारने हे मान्य केले नाही, निदान तोंडाने. पण १९०३ मध्ये मिठावरील कर २ रुपयांवर आणि १९०५ मध्ये दीड रुपयावर आला, १९०७ मध्ये तो १ रुपया झाला. १९०३ मध्येच प्राप्तिकराची किमान मर्यादा ५०० वरून १००० रुपयांवर गेली. याचे सगळे श्रेय एका भाषणाला देणे इतिहासाच्या दृष्टीने भाबडेपणाचे ठरेल, कारण काँग्रेस अनेक वर्षे हीच मागणी करत होती आणि कर्झन यांचेही स्वतःचे हिशेब होते. तरी गोखल्यांच्या पद्धतीतले एक वैशिष्ट्य पुढे उपयोगी पडले : एखाद्या वर्षाचा आकडा ऐकला की तो कोणत्या वर्षाशी ताडून पाहिला आहे, आणि मधल्या काळात कर वाढवताना सरकारने काय कारण सांगितले होते, हे ते शोधत.

१९०५ मध्ये गोखल्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. तेवीस वर्षांनी या समाजाचे तीन सदस्य, हृदयनाथ कुंझरू, श्रीधर गणेश वझे आणि अमृतलाल ठक्कर, बारडोलीच्या गावांत आकडे तपासायला जाणार होते.

बारडोली : वाढीचा आकडा कसा तयार झाला

मुंबई इलाख्यात रयतवारी पद्धत होती. सरकार प्रत्येक शेतकऱ्याशी थेट व्यवहार करी आणि साधारण तीस वर्षांनी साऱ्याची फेरआकारणी होई. बारडोलीची मागची आकारणी १८९६ ची. १३७ गावे, सुमारे ८७ हजार वस्ती, कापसाची काळी जमीन असा हा तालुका. १९२५ मध्ये जयकर नावाच्या डेप्युटी कलेक्टरांकडे फेरआकारणीचे काम आले. (हे मुंबईचे प्रसिद्ध बॅरिस्टर मुकुंदराव जयकर नव्हेत. नावामुळे विद्यार्थ्यांची गल्लत होते.)

जयकरांनी भरभराटीची लक्षणे नोंदवली. ताप्ती व्हॅली रेल्वे सुरू झाली आहे. रस्ते सुधारले आहेत. लोकसंख्या वाढली आहे. दुभती जनावरे आणि गाड्या वाढल्या आहेत. पक्की घरे दिसतात. धान्य आणि कापूस महागला आहे. जमिनीला चांगली किंमत येते. शेतमजुरीचे दर दुप्पट झाले आहेत. या आधारावर त्यांनी दरांत २५ टक्के वाढ सुचवली, आणि काही गावे वरच्या वर्गात टाकल्याने एकूण वाढ ३० टक्क्यांच्या आसपास गेली.

ही यादी पुन्हा एकदा वाचावी. मजुरी दुप्पट झाली, हे मजुरासाठी उत्पन्न आहे, पण सारा भरणाऱ्या शेतकऱ्यासाठी तो खर्च आहे. जयकरांनी तो भरभराटीच्या बाजूला धरला. पिकांच्या भावांतही तेच : एकूण उत्पन्नाची किंमत किती वाढली ते त्यांनी काढले, पिकवायला लागणारा खर्च किती वाढला ते काढले नाही. ही टीका प्रथम कोणी परक्याने केली असे नाही. त्यांचे वरिष्ठ, सेटलमेंट कमिशनर अँडरसन, यांनीच खर्च वजा न केलेल्या हिशेबाला अर्थ नाही असे म्हणून तो आधार फेटाळला.

पण अँडरसन यांनी वाढ फेटाळली नाही. त्यांनी दुसरा आधार घेतला, तो खंडाचा. जमीन कसायला देणाऱ्याला किती खंड मिळतो ते पाहा, त्या खंडात साऱ्याचा वाटा किती ते पाहा, आणि त्यावरून दर ठरवा. जयकरांच्या अहवालाला खंडाच्या आकड्यांचे एक परिशिष्ट जोडलेले होते. संपूर्ण डोलारा त्या परिशिष्टावर उभा करून अँडरसन यांनी २९ टक्के वाढ सुचवली. सरकारने दोघांमधून वाट काढत २२ टक्के ठरवली. म्हणजे एका अधिकाऱ्याचा आधार दुसऱ्याने चुकीचा ठरवला, दुसऱ्याचा आधार सरकारने पुरता स्वीकारला नाही, आणि तरी तिघांच्या उत्तरांत वाढ मोठीच राहिली. मला यात काही कट दिसत नाही. खात्याला वाढ अपेक्षित होती, आणि अपेक्षित उत्तराकडे नेणारी एक वाट बंद झाली की दुसरी सापडते.

कायदाही बाजूला पडला होता. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल अधिनियमाचे कलम १०७ सांगते की फेरआकारणी करताना जमिनीचे मूल्य आणि शेतजमीन असेल तर शेतीतला नफा विचारात घ्यावा. नफा. खंड हा नफ्याचा पर्याय तेव्हाच होऊ शकतो, जेव्हा बरीचशी जमीन खऱ्या अर्थाने खंडाने दिली जाते. बारडोलीत तसे नव्हते. जयकरांच्याच अहवालाप्रमाणे बहुतेक जमीन मालक स्वतः कसत होते. अँडरसन मात्र किमान एक तृतीयांश जमीन खंडाने जाते असे धरून चालले. हे कसे झाले याचे स्पष्टीकरण महादेव देसाई आणि नरहरी परीख यांनी दिले : सात वर्षांतल्या खंडाच्या नोंदींची बेरीज एका वर्षाची म्हणून वाचली गेली होती. तोच शेताचा तुकडा दरवर्षी नव्याने मोजला, तर एक तृतीयांश होणारच.

नरहरी परीख यांनी १९२६ पासूनच ‘नवजीवन’मधून जयकर अहवालाची चिरफाड केली होती. सत्याग्रह १२ फेब्रुवारी १९२८ ला सुरू झाला. त्याच्या आधी जवळजवळ दीड वर्ष कागदावरची लढाई चालू होती, अर्ज जात होते, शिष्टमंडळे भेटत होती, कायदे मंडळात प्रश्न विचारले जात होते. या टप्प्याकडे दुर्लक्ष झाले की बारडोली म्हणजे केवळ वल्लभभाईंच्या वक्तृत्वाचा विजय वाटू लागतो. वल्लभभाईंचे बळ असे की शेतकऱ्याला ते साध्या भाषेत सांगू शकत होते : मी सांगतो म्हणून सारा थांबवू नका, तुमचा हिशेब खरा आहे याची खात्री असेल तर थांबवा.

सरकारची भूमिका ताठ होती. २३ जुलै १९२८ रोजी गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी कायदे मंडळापुढे मुदत घातली : आधी वाढीव सारा भरा, मग चौकशीचे बोला. प्रश्न आकड्यांचा राहिला नसून बादशहाच्या हुकमतीचा आहे असा त्यांचा सूर होता. दावा तपासायला नकार द्यायचा असेल तेव्हा विषय अधिकाराकडे वळवायचा, ही जुनीच रीत. दरम्यान भारत सेवक समाजाचे कुंझरू, वझे आणि ठक्कर गावांत जाऊन आले होते. ते सत्याग्रहाचे पुरस्कर्ते नव्हते, मवाळ घटनावादी होते. आकडेवारी अपुरी आहे आणि निष्पक्ष चौकशीची मागणी रास्त आहे, हे त्यांनी म्हटल्यावर ‘बाहेरच्या चळवळ्यांनी उभे केलेले बंड’ हा सरकारी युक्तिवाद लंगडा पडला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात समझोता झाला : जुन्या दराने सारा, जप्त जमिनी परत, आणि चौकशी.

तलाठ्याचे दप्तर उघडल्यावर

चौकशीसाठी न्यायखात्यातून ब्रूमफील्ड आणि महसूल खात्यातून मॅक्सवेल यांची नेमणूक झाली. ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ मध्ये अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे न्यायाधीश. लोकांच्या बाजूने झुकणारी ही जोडी नव्हती हे यावरून कळेल.

त्यांनी जे केले ते नवल वाटावे इतके साधे होते. ते गावोगाव गेले. परिशिष्टातल्या खंडाच्या नोंदी एकेक करून काढल्या आणि त्या त्या माणसाला बोलावून विचारले : ही नोंद कशाची? महादेव देसाई, नरहरी परीख आणि त्यांचे सहकारी बरोबर होते, त्यांनीही तयारी करून ठेवली होती.

मग नोंदींमागची माणसे दिसू लागली. एखाद्या शेतकऱ्याने कर्जापोटी सावकाराला जमीन लिहून दिलेली, पण कसतो तोच, आणि दरवर्षी सावकाराला जे देतो ते दप्तरात ‘खंड’ म्हणून चढलेले. ते खरे तर व्याज होते. कर्ज जितके जास्त तितका ‘खंड’ मोठा, आणि तो मोठा दिसला म्हणून जमीन श्रीमंत ठरून सारा वाढलेला. कर्जबाजारीपणाचे माप भरभराटीचे माप म्हणून वापरले गेले होते! दुसऱ्या एखाद्याच्या शेतात मालकाने स्वतःच्या पैशाने विहीर किंवा इतर सुधारणा केलेली, त्यामुळे खंड जास्त. आणखी कोणी आपल्या दोन शेतांमधला तुकडा हवा म्हणून वाजवीपेक्षा जास्त द्यायला तयार झालेला. काही ठिकाणी ठरलेला खंड कधी पूर्ण दिलाच गेला नव्हता. हे सगळे तलाठ्यांनी एका रकान्यात भरले होते, आणि जयकरांनी ते गावांत जाऊन पडताळून पाहिले नव्हते, अशा निष्कर्षाला दोन्ही अधिकारी आले.

वर्षांची निवडही अडचणीची होती. खंडाचे आकडे पहिल्या महायुद्धानंतरच्या काळातले, १९१८ ते १९२५ चे होते. तेव्हा कापसाला अवाच्या सवा भाव आले होते. त्या तेजीतले खंड धरून पुढच्या तीस वर्षांचा सारा ठरवायचा, यातला धोका १९२९ नंतर, शेतमालाचे भाव कोसळले तेव्हा, देशभरच्या शेतकऱ्याला कळला. चौकशी समिती त्या आधीच ही वर्षे सामान्य नव्हती असे म्हणून मोकळी झाली होती.

निकाल : सुमारे ६.०३ टक्के. सरकारचे २२ टक्के टिकले नाहीत. पण वाढ शून्यही ठरली नाही, आणि ‘वाढीला काडीचाही आधार नाही’ असे सभांतून म्हणणाऱ्यांचे म्हणणेही जसेच्या तसे मान्य झाले नाही. राष्ट्रीय चळवळीचा इतिहास लिहिताना हा दुसरा भाग अनेकदा गाळला जातो. तो गाळला तर चौकशीवरचा विश्वासच अर्धा होतो.

आणखी एक प्रश्न दोन्ही बाजूंच्या कागदांत जवळजवळ नाही. बारडोलीतल्या शेतावर राबणारा मोठा वर्ग दुबळा समाजाच्या हाळींचा होता. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी हाळी धनियामाकडे, म्हणजे मालकाकडे, बांधला जाई आणि ते कर्ज सहसा फिटत नसे. सारा मालक भरी. त्यामुळे नफा मोजताना हाळीला दिलेले धान्य आणि कपडे खर्चाच्या बाजूला एक ओळ म्हणून आले. साऱ्याचा बोजा त्याच्यावर किती आणि कसा सरकतो, सारा कमी झाला तर त्यातले त्याला काय मिळते, हे ना जयकरांनी विचारले, ना अँडरसन यांनी, ना सत्याग्रहाच्या पुढाऱ्यांनी हिशेबात घेतले. तलाठ्याच्या दप्तरात खातेदारासाठी पान होते, हाळीसाठी नव्हते. त्याच्या बाजूने करभार मोजायचा तर सुरुवात दुसऱ्याच कागदांपासून करावी लागते : मालकाच्या चोपडीतल्या उचलीच्या नोंदींपासून.